फैजपूरच्या प्रश्नाला पाचपैकी किती?

'१९३६ चे काँग्रेस अधिवेशन फैजपूरसारख्या गावी का भरवले?' प्रश्न पाच गुणांचा, मुलं फैजपूरच्याच यावल तालुक्यातली. पहिला गठ्ठा मी जुन्या पद्धतीने तपासला, मुद्द्याला एक गुण. नेहरू अध्यक्ष, डिसेंबर महिना, अधिवेशनाच्या जागेचं नाव टिळकनगर, नंदलाल बोस यांची बांबूची सजावट, खेड्यातलं पहिलं अधिवेशन. पाचपैकी पाच! सगळं खरं, पण 'का' कुठंय? प्रश्न कारणाचा आणि गुण पाठांतराला.

मग गुणदान नव्याने ठरवलं. खेडंच का, याला २ (गांधीजींचा आग्रह, शेतकऱ्यांपर्यंत पोहोचणं). त्या कारणाची अधिवेशनाशी जोड, २. नेमका पुरावा, १. पुरावा म्हणजे त्याच वर्षीचं आधीचं अधिवेशन लखनौ शहरात झालं होतं, किंवा फैजपूरला शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. साल चुकलं तर जाईल तो हा शेवटचा एक गुण, बाकीचे नाही.

दहा पेपर आम्ही दोघा शिक्षकांनी बैठक क्रमांक झाकून स्वतंत्र तपासले. गुण पेपरवर नाही, वेगळ्या कागदावर टाकायचे. आधीचा आकडा दिसला की दुसऱ्याचा हात आपोआप तिकडेच वळतो. एका गुणाचा फरक चालवून घेतला. दोन किंवा जास्त आला, तिथे बसून बोललो, आणि बहुतेक वेळा 'जोड' या शब्दाचा अर्थच दोघांचा वेगळा निघाला. मग गुणदानात 'जोड'पुढे 'म्हणून, त्यामुळे असा संबंध दाखवला पाहिजे' असं लिहून टाकलं.

पूर्ण पेपर एका दमात तपासायचा नाही. सगळ्यांचा हा एकच प्रश्न आधी. नाहीतर सुरेख नकाशा काढणाऱ्याला इथेही अर्धा-एक गुण फुकट मिळतो. दर पंधरा पेपरांनंतर सुरुवातीचे दोन पुन्हा काढून बघायचे. दुपारनंतर हात आखडतो, हे तिथे लगेच कळतं.

एका पेपरात चारच ओळी होत्या, अक्षर गिचमिड. 'शहरमा सभा भरी तर शेतकरीसले जाता येत नाही, म्हणून सभाच खेडामा आणली.' अर्धी अहिराणी. पहिल्या फेरीत मी १ दिला होता, भाषेला नकळत कापलं होतं. नव्या गुणदानात कारण २, जोड २. पुरावा नाही, म्हणून ४.

निकष बदलल्यावर पहिला गठ्ठा पुन्हा तपासावाच लागतो. सगळ्यात कंटाळवाणं काम तेच, आणि टाळाटाळही तिथेच होते.