त्वचेची कॅप्सूल आणि उंचीचा प्रश्न

माझ्या मुलाला जन्मापासून लॅमेलर इक्थिओसिस हा त्वचेचा आनुवंशिक आजार आहे. मुंबईची दमट हवा त्याच्या कोरड्या, खवल्यांच्या त्वचेला मानवते, पण घामाची छिद्रे बुजलेली असल्यामुळे एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याचे अंग तापते आणि लोकलने नेताना ओला पंचा हाताशी ठेवावा लागतो. अ‍ॅसिट्रेटिन या औषधाची कॅप्सूल सुरू झाल्यापासून खवले पातळ झाले आहेत. हे औषध जीवनसत्त्व अ च्या कुळातले, म्हणजे रेटिनॉइड. परळच्या बाह्यरुग्ण विभागात शेजारी बसलेल्या आया दबक्या आवाजात विचारतात, "ताई, यानं उंची खुंटते का हो?" प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी असते, तिला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. तिच्यातल्या पेशी विभागतात, फुगतात आणि मग त्यांच्या जागी हाड तयार होते. वयात येताना इस्ट्रोजेनच्या प्रभावाने, मुलांमध्येसुद्धा, ती पट्टी कायमची बुजते. या पेशींत जीवनसत्त्व अ पासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा संदेश घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात आणि त्यांना मर्यादेबाहेर चेतवल्यास पट्टी वेळेआधीच मिटू शकते. एकदा मिटलेली पट्टी पुन्हा उघडत नाही, आणि एका गुडघ्याजवळची दुसऱ्याच्या आधी मिटली तर पायांच्या लांबीत फरक पडतो. जीवनसत्त्व अ चा अतिरेक झालेल्या वासरांचे मागचे पाय आखूड राहतात, हे पशुवैद्यांनाही माहीत आहे.

मात्र सगळे मात्रेवर आणि मुदतीवर अवलंबून आहे, आणि नेमके हेच घाबरवणाऱ्या संदेशांत गाळलेले असते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन हे दुसरे रेटिनॉइड वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण 0.5 ते 1 मिलिग्रॅम, तेही काही महिनेच देतात. त्यात पट्टी मिटल्याच्या नोंदी विरळ आहेत. अतिजोखमीच्या न्यूरोब्लास्टोमात, म्हणजे लहान मुलांना होणाऱ्या एका कर्करोगात, तेच औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दिवसाला 160 मिलिग्रॅम, महिन्यातले 14 दिवस, असे सहा फेऱ्यांत दिले जाते. तीस किलोच्या मुलासाठी हा हिशेब किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या वर जातो, आणि त्या मुलांमध्ये पट्ट्या लवकर मिटल्याचे आढळले आहे. पण तिथे प्रश्न जिवाचा असतो. स्नायूंत हाड तयार होण्याच्या एका दुर्मिळ आजारावरच्या पॅलोव्हारोटिन या नव्या रेटिनॉइडच्या चाचण्यांत 14 वर्षांखालील मुलांना ते देणे 2019 मध्ये याच कारणाने थांबवावे लागले; 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती 8 वर्षांवरील मुली आणि 10 वर्षांवरील मुलग्यांपुरती. मुरुमांवर लावायच्या अ‍ॅडापलीनच्या क्रीममधून रक्तात जवळजवळ काहीच जात नाही.

आमच्यासारख्यांची अडचण मधली आहे: मात्रा कमी, पण मुदत वर्षानुवर्षांची. म्हणून खवले आटोक्यात राहतील एवढीच किमान मात्रा ठेवायची आणि उंची नियमित मोजायची. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटीमीटर वाढते. वेग 4 च्या खाली गेला तर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचे वय पाहतात. मोजण्यातही गफलती होतात. एका दवाखान्यात घाईघाईने, चप्पल काढून पण टाचा भिंतीला न टेकवता घेतलेली उंची आधीच्या मापापेक्षा कमी भरली आणि आमची झोप उडाली. सकाळी उंची संध्याकाळपेक्षा किंचित जास्त भरते, त्यामुळे आता मी घरी ठरावीक वेळी, एकाच भिंतीशी, डोक्यावर काटकोनात पुस्तक धरून मोजते आणि वहीत लिहिते.

सरकारी मोहिमेतला जीवनसत्त्व अ चा डोस, नवव्या महिन्यात 1 लाख युनिट आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख, हा वेगळा विषय आहे; तो पाहून कोणी दचकू नये. मात्र अ‍ॅसिट्रेटिन चालू असताना वरून कॉड लिव्हर ऑइल किंवा अ असलेले टॉनिक देऊ नये, आणि मोहिमेतला डोस द्यायची वेळ आली तर आधी डॉक्टरांना विचारावे.

वाढ मंदावली की दोष लगेच कॅप्सूलला देणेही बरोबर नाही. तीव्र इक्थिओसिसमध्ये त्वचेतून पाणी आणि उष्णता सतत निसटत असल्यामुळे मुलाला जास्त उष्मांक लागतात, शिवाय अशा मुलांमध्ये जीवनसत्त्व ड ची कमतरता आणि मुडदूस आपल्याकडे आढळतो. तेव्हा औषध बंद करण्याआधी ड ची तपासणी आणि आहाराची चौकशी करून घ्यावी.