हेलसिंकीत खाशाबांचा आखाडा शोधताना

हेलसिंकीला आलेले बहुतेक पर्यटक ऑलिंपिक स्टेडियमच्या पांढऱ्या मनोऱ्याकडे वळतात. आम्हीही ट्रामने तिथे गेलो, फिनलंडचा नामवंत धावपटू पावो नुर्मी याच्या धावत्या पुतळ्यापाशी फोटो काढले. पण माझी खरी ओढ शेजारच्या इमारतीकडे होती. आज तिला टोलो किसाहल्ली म्हणतात, १९५२ साली ती मेसुहल्ली होती. त्या ऑलिंपिकमधल्या कुस्त्या इथेच झाल्या आणि २३ जुलैला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी इथेच कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं.

आत शिरले तर कुठे बॅडमिंटन चाललेलं, कुठे बास्केटबॉल. बुटांचे तळवे लाकडी फरशीवर करकरत होते. शाळकरी पोरं, निवृत्त आजोबा, सगळे आपापल्या खेळात रमलेले. खाशाबांना हे फार आवडलं असतं. ते काही नुसते कुस्तीगीर नव्हते. पोहणं, धावणं, मल्लखांब, वजन उचलणं, हातोडाफेक, सगळ्यात तरबेज. घरात वडिलांकडून आलेली कुस्ती, अंगात लाल माती मुरलेली. १९४८ला लंडनमध्ये त्यांना गादीवर, परक्या नियमांनी लढावं लागलं, तरी सहावे आले.

हेलसिंकीच्या वेळी अडला तो पैसा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारे प्राचार्य! त्या हॉलमध्ये उभं राहून मला पदकाइतकीच त्या घराची आठवण येत होती.

५७ किलो गटात कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना त्यांनी हरवलं. मग एक लांबलेली, दमवणारी कुस्ती संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव्हसमोर त्यांना उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. हे वाचलं तेव्हाही चीड आली होती, तिथे जाऊन ती दुप्पट झाली. एवढ्या लांब एकट्या पोराला पाठवायचं आणि त्याच्या बाजूने दोन शब्द बोलायला कोणी नाही?

खाशाबांनी मात्र त्याचं भांडवल केलं नाही. कराड स्टेशनावर गावकरी १५१ बैलगाड्या घेऊन आले, एरवी पाव तासाच्या वाटेला मिरवणुकीने सात तास घेतले. त्यानंतर त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर कोल्हापुरात कुस्त्या मारल्या आणि बक्षिसाच्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं. माझ्या लेखी हे पदकाच्या तोडीचं आहे.

गुडघ्याच्या दुखापतीने १९५६चं मेलबर्न हुकलं. १९५५ला पोलिसात फौजदार झाले, वर्षानुवर्षं बढतीविना काढली, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कारसुद्धा मरणोत्तर मिळाला. दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव लागलं ते २०१० साली.

काउंटरवरच्या मुलीला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत हे सांगितलं. तिने नाव कागदावर लिहून मागितलं. मी देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हींत लिहून दिलं : खाशाबा दादासाहेब जाधव, गोळेश्वर, जिल्हा सातारा.

हेलसिंकीला गेलात तर मनोऱ्यावर जरूर चढा, पण खाली उतरल्यावर शेजारच्या हॉलमध्येही डोकावून या. आणि कराडवरून जात असाल, तर गोळेश्वर अगदी हाकेच्या अंतरावर आहे. तिथलं जाधवांचं घर ‘ऑलिंपिक निवास’ म्हणूनच ओळखलं जातं, कोणीही पत्ता सांगेल.