फोरहँड सुधारायचाय? आधी डाव्या हाताकडे बघा

टेनिस कोर्टवर कुणालाही फोरहँडबद्दल (रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूने मारायच्या फटक्याबद्दल) विचारा, ग्रिपबद्दल म्हणजे रॅकेट धरण्याच्या पद्धतीबद्दल सांगतील, मनगटाबद्दल सांगतील, टॉपस्पिनवर, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने दिलेल्या फिरकीवर, तर तासभर बोलतील, पण डाव्या हाताचं नाव कोणी काढत नाही. आणि मला तर आता ठाम वाटतं की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फोरहँड बिघडतो किंवा सुधारतो तो डाव्या हातामुळेच. (डावखुऱ्यांनी सगळं उलट करून वाचा.)

मी पणजीत खेळते, मिरामारच्या बाजूला, आणि तिथे दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. बॉल येता येता सरकतो, हवा दमट असली की त्याच्या लोकरीत ओल धरते आणि तो जड होतो, मग रॅकेट मागे न्यायला जरा जरी उशीर झाला तरी फटका अंगाजवळ लागतो आणि बॉल नेटमध्ये. अशा वेळी सगळे मनगट झटकून वेळ भरून काढायला बघतात. त्याने एखादा बॉल भन्नाट जातोही, पण पुढचे तीन बाहेर जातात आणि कोपर दुखायला लागतं ते वेगळंच.

आमच्या कोर्टवर एक शाळकरी मुलगी शिकायला येते. हात चांगला, पायही चपळ, पण प्रत्येक फोरहँड उशिरा. सर तिला एवढंच म्हणाले, "बाय, रॅकेटचा गळा डाव्या हाताने धरून ठेव, खांदा वळेपर्यंत सोडायचा नाही." बस. गळा म्हणजे मूठ संपते आणि जाळीचा गोल सुरू होतो ती जागा. डावा हात तिथे असला की रॅकेट एकट्या उजव्या हाताने मागे जाऊच शकत नाही, खांदे आणि कंबर आपोआप वळतात आणि पाठ थोडी नेटकडे होते. मग डावा हात सुटतो आणि बाजूच्या रेषेकडे आडवा पसरतो, बेसलाइनला (कोर्टच्या मागच्या रेषेला) समांतर. फटक्याच्या वेळी तोच हात आत छातीशी येतो, शरीर फिरतं आणि रॅकेट मागून ओढली जाते. जोर येतो तो इथून. त्या मुलीचा बॉल त्याच संध्याकाळी अंगाच्या पुढे लागायला लागला, आवाजच बदलला, आधी नुसतं थप्प व्हायचं ते आता टणक.

फेडररचे स्लो मोशन व्हिडिओ बघा, डावा हात रॅकेटवर किती वेळ राहतो ते बघा आणि फटका लागल्यावरही मान कशी त्याच जागी राहते तेही बघा. बॉल तारांवर जेमतेम चार-पाच मिलीसेकंद असतो, तेवढ्यात मनगटाने काही दुरुस्ती करणं शक्यच नाही, जे काय करायचं ते त्याआधीच झालेलं असावं लागतं. गोव्यात टेनिस म्हटलं की लिअँडर पेसचं नाव निघतंच, वडील डॉ. वेस पेस मूळ गोव्याचे, आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकचं ब्राँझ कोण विसरेल. पण त्याची खरी जादू नेटजवळची, फोरहँड शिकायला माझ्या मते फेडररच बघावा.

ग्रिपचं थोडक्यात सांगते. रॅकेटच्या मुठीला आठ कडा असतात. तर्जनीचं बुडाचं हाड उजव्या उभ्या कडेवर ठेवलं की ईस्टर्न, त्याच्या खालच्या तिरक्या कडेवर ठेवलं की सेमी-वेस्टर्न. उंच उसळणाऱ्या बॉलला सेमी-वेस्टर्न सोपी जाते, म्हणून हल्ली बहुतेक जण तीच शिकवतात. पण ग्रिप घट्ट आवळू नका. आपल्याकडे मेमध्ये तळवे घामाने इतके निसरडे होतात की हात आपोआप आवळला जातो आणि आवळलेल्या हातातून स्पिन निघत नाही, त्यामुळे ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) वरचेवर बदला आणि घाम पुसायला टॉवेल जवळ ठेवा. यात कंजुषी नको.

पावसात कोर्ट बंद असतं तेव्हा घरात आरशासमोर हेच करा, बॉलशिवाय, सावकाश: गळा धरला, खांदा वळला, हात पसरला, हात आत आला. कंटाळवाणं आहे, पण अंगात मुरतं ते यानेच.

आणि कोर्ट सुकलं की सुरुवातीला क्रॉसकोर्टच, म्हणजे तिरक्या समोरच्या कोपऱ्यातच, मारत राहा. नेट मध्यभागी ०.९१४ मीटर, खांबांजवळ १.०७, म्हणजे मधून बॉल काढायला जास्त जागा. शिवाय सरळ रेषेत कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि सिंगल्सचा कोपरा ते कोपरा साधारण २५ मीटर, त्यामुळे तिरक्या फटक्याला लांबीही जास्त मिळते. डाउन द लाइनची, म्हणजे बाजूच्या रेषेलगत सरळ मारायची, घाई करू नका, डावा हात वेळेवर पसरतोय याची खात्री झाली की मग बघू.