गणितातून सूट हवी होती

विषयातून सूट मागण्याच्या फॉर्मची मागची बाजू आधी वाचा. बाकीचं विसरलात तरी चालेल. मी ती वाचली नाही आणि सात आठवडे हेलपाटे घातले. तो राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

इंजिनिअरिंगनंतर सात वर्षं मी अंधेरी-गोरेगावच्या व्हीएफएक्स (सिनेमातली संगणकी दृश्यं करणाऱ्या) स्टुडिओंमध्ये काढली. सुरुवात रोटोने, मग कम्पोझिटिंग, शेवटची तीन वर्षं लाइटिंग. एकोणतिसाव्या वर्षी नोकरी सोडून व्हिज्युअल कम्प्युटिंगच्या एम.टेक.ला आले. प्रवेश परीक्षा, मुलाखत, फी, आयकार्ड, सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते 'प्रास्ताविक गणित' या विषयापाशी. पहिल्या सत्रात सगळ्यांना सक्तीचा. गुण एकूणात धरत नाहीत, पण पास झाला नाहीत तर पुढचे विषय मिळत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेआठला. डोंबिवलीहून साडेआठला वर्गात बसायचं म्हणजे काय, हे मध्य रेल्वेवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि गणित मी केलेलं होतं. इंजिनिअरिंगचे गणिताचे चारही पेपर, एम-वन ते एम-फोर. एम-थ्रीला केटी लागली होती, तीही सोडवली होती. मॅट्रिक्स, आयगेन व्हॅल्यू, कॅली-हॅमिल्टन, फूरिये, लाप्लास, प्रोबॅबिलिटी. तेच परत कशाला? कार्यालयात विचारलं तर म्हणाले, आधी शिकला असाल तर सूट मिळते, हा घ्या फॉर्म.

फॉर्ममध्ये एक तक्ता होता. डावीकडे या विषयातले चौदा घटक. उजवीकडे आपण ते कुठे शिकलो, विषयाचा कोड, अभ्यासक्रमातलं पान. ८० टक्के जुळलं पाहिजे, म्हणजे चौदातले बारा. मी एका संध्याकाळी बसून भरला. आयगेन व्हॅल्यू, हो. फूरिये, हो. 'गोलार्धावरचं इंटिग्रेशन', हे मल्टिपल इंटिग्रलमध्ये बसवलं. 'एसव्हीडी' (मॅट्रिक्सची सोप्या तुकड्यांत फोड) याचं कॉलेजात कुणी नावही घेतलं नव्हतं, तरी मॅट्रिक्सच्या कुठल्याशा घटकाखाली ढकललं. 'नॉर्मलचं (पृष्ठभागावरच्या लंबाचं) रूपांतर' समोर 'मॅट्रिक्सचा इन्व्हर्स' लिहून मोकळी झाले. स्टुडिओत रोज नॉर्मल बघत होते, त्यात काय कळायचंय? क्वाटर्नियन (फिरवण्यासाठी वापरायचे चार भागांचे आकडे) आणि मॉन्टे कार्लो (यादृच्छिक नमुने घेऊन उत्तराचा अंदाज) ही दोन घरं रिकामी सोडली. बरोब्बर बारा झाले.

फॉर्मसोबत अभ्यासक्रमाची प्रत लावायची होती. नेटवरून छापून नेली.

"हे नेटवरचं आहे ताई. कॉलेजचा शिक्का पाहिजे. प्रत्येक पानावर."

माझ्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजला गेले. तिथे कळलं की आमची स्कीम केव्हाच बदलली. जुना अभ्यासक्रम आता कार्यालयात नाही. काउंटरवरचे काका भले माणूस, म्हणाले, "नव्यावर मारून देतो की शिक्का, कोण बघतंय?" मोह झाला, खोटं नाही सांगत. पण नव्या स्कीमचे कोड माझ्या गुणपत्रिकेशी जुळत नव्हते. शेवटी लायब्ररीत सगळ्यात खालच्या फळीवर जुन्या अभ्यासक्रमाची बाइंडिंग केलेली प्रत सापडली. बावीस पानं झेरॉक्स. (हे करताना गुणपत्रिकाही बरोबर ठेवा. मला त्यासाठी एक फेरी जादा पडली.) विभागप्रमुख व्हायवात होते, ते साडेचारला सुटले, पाच वाजता बावीस पानांवर बावीस गोल शिक्के आणि सह्या.

दुसऱ्या दिवशी इकडच्या खिडकीवर.

"हा विभागाचा शिक्का आहे. प्राचार्यांचा लागतो."

"हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नसतं, पण लागतो."

परत कॉलेज. प्राचार्य रजेवर. प्रभारींनी सही केली, आडवा शिक्का मारला. परत इकडे. या वेळी कुणी काही म्हणालं नाही. फाइल घेतली, पोच दिली, मी जवळजवळ नाचत बाहेर पडले. तिसरा आठवडा संपत आला होता. मग चौथा गेला, पाचवा गेला. विचारायला गेले की "समितीकडे आहे". पाचव्या आठवड्यात मी खिडकी सोडलीच नाही, तेव्हा समितीचं रहस्य बाहेर आलं. तीन अर्ज जमले की समिती बसते. यंदा माझा एकटीचा होता.

"मग बाकीचे दोन कधी येणार?"

"ते आम्ही कसं सांगणार मॅडम?"

त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये वर्गातल्या दोघांना अक्षरशः गळ घातली की बाबांनो, तुम्हीपण अर्ज करा, नाकारला तरी चालेल, फक्त संख्या भरा. एक नांदेडचा मुलगा तयारही झाला. मग त्याने शिक्क्यांची गोष्ट ऐकली.

या पाच आठवड्यांत मी वर्गात मात्र बसत होते. सूट मिळाली नाही आणि हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली तर दोन्हीकडून जायची, म्हणून. मागच्या बाकावर, अर्धी झोपेत, तोंडावर 'मला हे येतं' असा भाव घेऊन. तो भाव टिकला नाही. एसव्हीडीच्या दिवशी मॅडमनी फळ्यावर एवढंच लिहिलं की कुठलीही मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) म्हणजे आधी फिरवा, मग अक्षांच्या दिशेने ताणा, मग पुन्हा फिरवा. मग एक ५१२ बाय ५१२ चा काळा-पांढरा फोटो घेतला. सगळे मिळून २,६२,१४४ आकडे. त्यातल्या सगळ्यात जोरदार ५० ताणांपुरतंच ठेवलं तर ५१,२५० आकडे पुरतात, पाचवा हिस्सा, आणि फोटो ओळखू येतो. कॉलेजात मी कॅली-हॅमिल्टन वापरून कितीतरी इन्व्हर्स काढले होते. मॅट्रिक्स काहीतरी 'करते', हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी परीक्षेला येणार नाही म्हणून ऐकलं नसेल.

होमोजिनियस कोऑर्डिनेट्स मला वर्गात कळले नाहीत, डोंबिवलीच्या रेल्वे पुलावर कळले. गाडी लेट होती, खाली रूळ ठाकुर्लीकडे जाताना एकमेकांत मिसळताना दिसत होते. जागेच्या तीन आकड्यांना जोडलेला चौथा आकडा १ असेल तर ती जागा, ० असेल तर नुसती दिशा, त्या दिशेला उचलून सरकवता येत नाही. रुळांची दिशा पर्स्पेक्टिव्हच्या मॅट्रिक्समधून काढली की तो शून्य शून्य राहत नाही, त्याने भागता येतं, आणि चित्रात एक साधासुधा ठिपका मिळतो. तोच तो, जिथे रूळ मिळतात. गणितज्ञ हॅमिल्टनला १८४३ मध्ये डब्लिनच्या एका पुलाजवळ क्वाटर्नियन सुचले आणि त्याने सूत्र तिथल्याच दगडात कोरलं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. डोंबिवलीच्या पुलावर कोरायला जागाही नाही आणि तेवढा वेळ कुणी उभंही राहू देत नाही.

तर, मागची बाजू. सहाव्या आठवड्यात कार्यालयातले शिपाईमामा माझी कीव येऊन म्हणाले, "ताई, तुम्ही टेस्ट का देत नाही?" कुठली टेस्ट? त्यांनी कोरा फॉर्म उलटा केला. मागे, बारीक अक्षरात, चौथं कलम: कागदपत्रांऐवजी विद्यार्थी निदान चाचणी देऊ शकतो, विषय शिकवणाऱ्यांना सांगून कोणत्याही शुक्रवारी. ना शिक्का, ना समिती. मला दिलेली प्रत एकाच बाजूने झेरॉक्स केलेली होती, त्यामुळे माझ्याकडे ती बाजू आलीच नव्हती. पण खिडकीवर मी निदान आठ वेळा उभी राहिले असेन. एकदाही कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

सातव्या आठवड्यातल्या शुक्रवारी चाचणी दिली. ३० गुणांची, १८ हवे होते. १३ मिळाले.

ज्या प्रश्नाने घात केला तो इथे लिहून ठेवते, कारण माझ्यासारखे स्टुडिओतून येणारे हमखास इथेच आपटतात. एक आकृती एकाच दिशेने ताणली. तिच्या पृष्ठभागावरचे नॉर्मल, म्हणजे लंब, कोणत्या मॅट्रिक्सने बदलतील? मी लिहिलं, त्याच मॅट्रिक्सने. छान आत्मविश्वासाने लिहिलं.

मॅडमनी नंतर पेपर दाखवताना घराचं छप्पर काढलं. कौलारू घर, दोन्हीकडे उतार. उतारावर काटकोनात काठी उभी करा, तो लंब. आता घर आडवं दुप्पट रुंद करा, उंची तीच. उतार कमी झाला ना? मग काठी आणखी सरळ, आभाळाकडे व्हायला हवी. पण तुम्ही काठीलाही आडवं ताणलंत, तर ती आणखी तिरकी पडते. उलटंच झालं. आकड्यांत बघायचं तर उताराची दिशा (१, −१), लंब (१, १), डॉट प्रॉडक्ट (जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज) शून्य, म्हणजे काटकोन. क्ष दुप्पट केला की उतार (२, −१). लंबालाही तसंच केलं तर (२, १), डॉट प्रॉडक्ट ३. लंब राहिलाच नाही. क्षला दोनाने गुणण्याऐवजी भागा: (१/२, १). १ वजा १, शून्य. सगळ्या बाबतींत चालणारं उत्तर: मॅट्रिक्सचा इन्व्हर्स (उलटं काम करणारी मॅट्रिक्स) काढा आणि त्याचा ट्रान्सपोज करा, म्हणजे आडव्या ओळी उभ्या लिहा.

मग मला सात वर्षांत हे कधी खटकलं का नाही? कारण नुसतं फिरवण्याच्या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स-ट्रान्सपोज तीच मॅट्रिक्स असते. सगळीकडून सारखं मोठं केलं तर दिशा बदलत नाही, फक्त लांबी बदलते. चूक दिसते ती वेडंवाकडं ताणल्यावरच, आणि तिथे सॉफ्टवेअर आपल्या नकळत बरोबर करत असतं. तक्त्यात मी या घटकासमोर 'मॅट्रिक्सचा इन्व्हर्स' लिहिलं होतं. उत्तर अर्धं हातात होतं, हे अजून टोचतं.

त्यानंतर बाकाची जागा बदलली. उरलेले आठवडे बरे गेले. मॉन्टे कार्लोचा तास मात्र मनापासून आवडला, कारण रेंडरमधला (संगणकाने काढलेल्या चित्रातला) दाणा, म्हणजे खरखर, अर्धी करायची तर सॅम्पल चौपट लागतात, हे मी स्टुडिओत रात्री जागून शरीराने शिकले होते. कारण आता कळलं. संगणकचित्रांतला संशोधक काजियाने १९८६ मध्ये मांडलेलं रेंडरिंग इक्वेशन (प्रकाशाचं समीकरण) फळ्यावर आलं तेव्हा त्यातल्या प्रत्येक अक्षराचा पगार मी घेतलेला आहे असं वाटलं. आणि तो मॅट (न चकाकणाऱ्या) पृष्ठभागाच्या सूत्रातला पाय (π) छेदात का असतो? कोसाइनचं गोलार्धावर इंटिग्रेशन करा, पायच येतो. एकदा हाताने करून बघा, पाठ करू नका.

हाताने करण्यावरून आठवलं: प्रत्येक गोष्ट दोन बाय दोनच्या आकड्यांत कागदावर, आणि मग नम्पायमध्ये (पायथनची गणिताची लायब्ररी) तपासून. एनपीटीईएलवर रेषीय बीजगणिताची व्याख्यानं फुकट आहेत, सत्र सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत बघा, गाडीत नको. मी कल्याण लोकलमध्ये प्रयत्न केला, मध्येच नेटवर्क जातं आणि नेमकी तीच पायरी हुकते. दुसरं, आपल्या पुस्तकात व्हेक्टर उभा लिहितात की आडवा हे पहिल्याच पानावर बघून ठेवा. दोन पुस्तकं एकत्र वाचलीत तर सगळ्या मॅट्रिक्स उलट्या क्रमाने दिसतात आणि आपण उगाच स्वतःला ढ समजतो. चाचणी मात्र पहिल्याच शुक्रवारी द्या. पास झालात तर उत्तमच. नापास झालात तर काय येत नाही ते दोन तासांत कळतं, शिक्के गोळा करावे लागत नाहीत.

डिसेंबरात पास झाले, चांगल्या गुणांनी. आईने पेढे आणले; कशाचे ते तिला नीटसं सांगता आलं नाही.

जानेवारीत मेल आला. समिती बसली होती. बाकीचे दोन अर्ज कुणाचे आले देव जाणे, पण माझा मंजूर झाला होता. आता गुणपत्रिकेत 'प्रास्ताविक गणित'समोर गुण नाहीत, नुसतं 'सूट' असं छापून आलंय. खिडकीवर गेले. दुरुस्ती होते म्हणाले, अर्ज करावा लागेल. त्याला विषयाच्या अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत लागते.