गोड-गार चालतं, पण चावलं की कळ

खालच्या उजव्या पहिल्या दाढेत कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं भरण) भरून बारा दिवस झाले होते आणि पेशंट परत दारात. शेंगदाणा चावला की सणकन कळ जाते, म्हणाले. भरलेलं मीच होतं.

आर्टिक्युलेटिंग पेपर (चावताना दात कुठे टेकतो ते दाखवणारा रंगीत कागद) लावला, उंच ठिपका कुठेच नाही. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काही नाही. बर्फ लावला तर झिणझिण्या आल्या, पण बर्फ काढताच दोन-तीन सेकंदांत गेल्या, म्हणजे नस शाबूत होती. कापसाची गुंडाळी दाताखाली धरायला दिली, तेव्हा दाबताना कळ आली. दाढेला चीर असेल अशी शंका आधी येतेच, पण मला तळाशी पोकळी वाटत होती. भरण खाली चिकटलेलं नसेल, तर चावताना ते किंचित लवतं, फटीतलं पाणी डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या कवचाखालच्या थराच्या, बारीक नळ्यांत ढकललं जातं आणि नस बोंबलते. रूट कॅनॉलची घाई करण्याआधी भरण उघडून बघायचं ठरवलं.

बारीक बरने (ड्रिलच्या टोकाने) मधोमध खाच पाडली आणि एक्सकॅव्हेटर (खरवडायचं हत्यार) टेकवला, तर तळाचा तुकडा अखंड सुटून आला. कडेचं एनॅमलवरचं, म्हणजे दाताच्या कडक कवचावरचं, मात्र बरने घासूनच काढावं लागलं. तुकड्याची खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. डेंटिनला धरलेल्या कॉम्पोझिटची पाठ अशी कधी दिसत नाही.

खुलासा जुनाच आहे. एनॅमल जवळजवळ सगळं खनिज, त्यामुळे ते खडखडीत वाळवलं तरी चालतं. आम्ल लावलं की भरण दाताला चांगलं चिकटतं हे 1955 मध्ये बुओनोकोर या संशोधकाने दाखवलं, ते एनॅमलवर. डेंटिनमध्ये वजनाने 70 टक्के खनिज, बाकी कोलॅजन आणि पाणी. 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल 15 सेकंद ठेवलं (हेच एचिंग) की वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिज जातं आणि कोलॅजनचं जाळं पाण्यावर तरंगत उरतं. बाँडच्या, म्हणजे चिकटवायच्या द्रवाच्या, रेझिनने त्या जाळ्यात शिरायचं असतं. जपानी संशोधक नाकाबायाशींनी 1982 मध्ये वर्णन केलेला हायब्रिड थर तो हाच. पाण्यात पसरलेलं मासेमारीचं जाळं बाहेर ओढलं की गोळा होतं ना, तसं जादा हवा मारली की कोलॅजन बसतं आणि बाँड वरच्या वर सुकतो. खोल खड्ड्यात नळ्या दाटीने आणि रुंद असतात, म्हणून तिथे पाणी जास्त आणि खरं चिकटायचं डेंटिन कमी.

पण मी हवा जपून मारतो. मग सहज थ्री-वे सिरिंज (हवा-पाणी मारायची नळी) स्वच्छ आरशावर धरली आणि नुसती हवा सोडली. दोन सेकंदांत आरशावर बारीक थेंब, बोटाने पुसले तर तेलकट ओरखडा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलं होतं, फिल्टरही थकलेला. एचिंगनंतरच्या डेंटिनवर मी हेच फवारत होतो.

त्या दिवशी हवेचं काम हाताने दाबायच्या रबरी फुग्यावर केलं. रबर डॅम (लाळ दूर ठेवणारा रबरी पडदा) लावला. आम्ल फक्त एनॅमलच्या कडेला, 15 सेकंद, मग तेवढाच वेळ धुणं. डेंटिन कापसाच्या बोळ्याने टिपलं. ओलसर चमक राहिली पाहिजे, डबकं नको आणि खडूसारखं पांढरंही नको. टेन-एमडीपी (दाताच्या खनिजाला धरणारा घटक) असलेला युनिव्हर्सल बाँड मायक्रोब्रशने 20 सेकंद घासून लावला. नुसता पुसून चालत नाही. मग थर हलायचा थांबेपर्यंत फुग्याची मंद हवा, म्हणजे द्रावक उडतो. राहिला तर बाँड मऊ पडतो. (बाटलीचं झाकण उघडं ठेवणाऱ्या असिस्टंटशी माझं कायमचं भांडण आहे.) वर 20 सेकंद लाइट.

तळाला अर्धा मिलिमीटर फ्लोएबल (पातळ, वाहणारं कॉम्पोझिट). त्यावर 2 मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचे तिरके थर, प्रत्येक थर एका वेळी एकाच भिंतीला. चारी भिंती एकदम जोडल्या तर आकुंचन पावणारं कॉम्पोझिट सर्वांत दुबळ्या जागेवरून, म्हणजे तळावरून, उचकटतं.

पेशंट गेल्यावर टाकीखालचा नळ सोडला. वाटीभर तांबूस पाणी निघालं.