गोल्डन वीकच्या गर्दीत ओसाकाचं काइयूकान

शाळांना सुट्टी लागली की मुलांना घेऊन जपान गाठणारी मराठी कुटुंबं हल्ली पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या वेळापत्रकात ओसाकाचं काइयूकान हे मत्स्यालय हमखास असतं. अडचण अशी की नेमक्या त्याच दिवसांत जपानमध्ये ‘गोल्डन वीक’ येतो. २९ एप्रिल आणि पुढे ३, ४ व ५ मे या सार्वजनिक सुट्ट्या. त्यांना शनिवार-रविवार जोडून अख्खा देश घराबाहेर पडतो. ५ मे तर तिथला बालदिन. त्या दिवशी काइयूकानला जाणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या रविवारी दादरला खरेदीला जाणं.

तरीही जावं. तिथली गर्दी सगळीकडे सारखी नसते, काही ठरावीक ठिकाणी साचते आणि ती का साचते हे इमारतीकडे बघितलं की कळतं.

आधी तारीख ठरवू. ३० एप्रिल, १ मे आणि २ मे हे कामाचे दिवस असतील, तर त्यातलाच एखादा धरा. महाराष्ट्र दिनाची तिथे कुणाला सुट्टी नसते! मात्र कामाच्या दिवशी सकाळी शाळांच्या सहली येतात. एकाच रंगाच्या टोप्या घातलेल्या पोरांच्या रांगा दिसल्या की समजायचं, जेवणाच्या वेळेपर्यंत वरच्या मजल्यांवर गजबज राहणार. अशा दिवशी दुपारनंतरची वेळ घ्या. सुट्टीच्या दिवशी गणित उलटं होतं. तेव्हा उघडण्याची पहिली वेळ उत्तम किंवा मग चारनंतरची. अकरा ते तीन या वेळेत जायचं असेल तर न गेलेलं बरं, असं मी स्पष्टच म्हणेन.

तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून, प्रवेशाची वेळ निवडून आधीच काढायचं. दर दिवसागणिक बदलतो. मोठ्यांचा अलीकडे साधारण २,७०० ते ३,५०० येनच्या दरम्यान असतो आणि गोल्डन वीकमध्ये तो वरच्या टोकालाच असणार असं धरून चाला. सोळा वर्षं पूर्ण झाली की मोठ्यांचं तिकीट लागतं. सात ते पंधरा वर्षांच्या मुलांना कमी, तीन ते सहा वर्षांच्यांना आणखी कमी, आणि तीनच्या आतल्या बाळांना तिकीट नाही. लोकांची चूक होते ती इथे: मुलाचं वय आणि इयत्ता यांचा घोळ घालून भलतंच तिकीट काढतात आणि दारात खोळंबतात. वय दाखवायला पासपोर्ट जवळ ठेवा. तिकिटावरची वेळ ही आत शिरण्याची असते. आत किती वेळ थांबायचं याला बंधन नाही, फक्त बंद होण्याच्या तासभर आधी प्रवेश थांबतो. सुट्टीत उघडण्या-मिटण्याच्या वेळा बदलतात, म्हणून त्या तारखेपुढची वेळ वाचून घ्या.

पोचायला शिन-ओसाका किंवा उमेदाहून मिदोसुजी ही मेट्रोची लाल मार्गिका धरून होम्माचीला उतरायचं आणि हिरव्या चुओ मार्गिकेने ओसाकाको गाठायचं. होम्माचीपासून ते पाचवं स्टेशन. एक नंबरच्या दाराने बाहेर पडलं की पाच मिनिटं चालायचं, समोर मोठा आकाशपाळणा दिसतोच. आदल्या दिवशीच्या सामानाची बॅग मात्र ओढत आणू नका. सुट्टीत लॉकर भरलेले असतात, आणि बॅग, बाबागाडी व गर्दी यांचं एका उतारावर जमत नाही.

उताराचं सांगायला हवं, कारण काइयूकानचं सगळं मर्म त्यात आहे. २० जुलै १९९० रोजी उघडलेली ही इमारत पीटर शेरमायेफ या अमेरिकन वास्तुरचनाकाराची. लांबलचक सरकत्या जिन्याने तुम्हाला आधी थेट आठव्या मजल्यावर नेतात. तिथे जपानचं जंगल आहे, झरा आहे, छोट्या नखांची पाणमांजरं आहेत. हीच जात आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातही आढळते, हे मुलांना जरूर सांगा. तिथून वाट फिरत फिरत खाली उतरते. मधोमध प्रशांत महासागराची टाकी: ५,४०० टन पाणी, खोली ९ मीटर, सर्वात लांब बाजू ३४ मीटर. भोवताली प्रशांतच्या किनाऱ्यांची छोटी दालनं: कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचे सागरी सिंह, इक्वेडोरचं वर्षावन, अंटार्क्टिकाचे पेंग्विन, ग्रेट बॅरियर रीफ. म्हणजे आपण डोंगरातून निघून समुद्राच्या तळाशी जातो.

आता गर्दी कुठे तुंबते ते बघा. मधली टाकी पहिल्यांदा दिसते सहाव्या मजल्यावर. तिथे व्हेल शार्क हा अवाढव्य मासा समोरून गेला की सगळी माणसं जागच्या जागी थिजतात. मोबाइल वर, मुलं खांद्यावर, बाबागाड्या आडव्या. मागून येणाऱ्यांना वाटतं, हीच ती जागा, इथे नाही बघितलं तर गेलं. पण तीच टाकी चौथ्या मजल्यापर्यंत तुमच्या सोबत खाली येत राहते. ती अधिक चिन्हाच्या आकाराची आहे, त्यामुळे तिला कोपरे आणि बाजू भरपूर, आणि तिच्या काचा वाटेत पुन्हा पुन्हा लागतात. सहाव्या मजल्यावर एक नजर टाकून सरळ पुढे व्हा. पाचव्या मजल्यावर माणसं विरळ होतात. चौथ्यावर, तळाच्या पातळीवर पोचल्यावर मात्र घाई करू नका. तिथून मान वर केली की व्हेल शार्कचं पांढरं पोट डोक्यावरून सरकताना दिसतं. वरून त्याची ठिपक्यांची पाठ दिसली होती, आता तोच मासा खालून बघायचा. मासा पोहायचा थांबत नाही, फेऱ्या मारतच असतो, त्यामुळे एक फेरी चुकली तर काही मिनिटांत तो परत येतो. मुलांना काचेच्या एका कडेला बसवा आणि तीन फेऱ्या मोजायला सांगा. धावत दहा टाक्या बघण्यापेक्षा यातून त्यांना जास्त मिळतं, याबद्दल मला शंका नाही.

काइयूकानमध्ये व्हेल शार्कच्या नराला काई आणि मादीला यू म्हणतात. मासा बदलला तरी नावं तीच राहतात. शिकोकू बेटावरच्या तोसाशिमिझूला या मत्स्यालयाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या किनाऱ्यावर मासेमारीच्या स्थिर जाळ्यात चुकून शिरलेले व्हेल शार्क त्या केंद्रात ठेवतात, काहींना उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावून समुद्रात सोडतात. एवढा मोठा जीव खातो काय, तर क्रिल म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव आणि छोटे मासे. खाऊ घालताना तो उभा होतो, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाशी आणि शेपूट खाली, आणि पाणी ओढून घेतो. त्या दिवशीच्या खाऊच्या वेळा आधी बघून ठेवा. अशा वेळी मात्र सहाव्या मजल्यावर थांबण्यात अर्थ आहे. भारतात हा मासा २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याला ‘व्हाली’ म्हणतात, म्हणजे लाडकी. हे ऐकून पोरं टाकीकडे वेगळ्या नजरेने बघतात.

काचेला मी काच म्हणतोय, पण ते ॲक्रिलिक आहे. सर्वात मोठं पान ६ मीटर बाय ५ मीटरचं, जाडी ३० सेंटिमीटर, वजन सुमारे १० टन. एवढ्या जाडीची साधी काच हिरवट आणि अंधुक दिसली असती, ॲक्रिलिक नितळ राहतं. पण ते काचेपेक्षा मऊ असतं. अंगठी, घड्याळाचा पट्टा, बांगडी, बॅगेची बकल घासली तर चरा पडतो. म्हणून मुलं काचेला चिकटणार असतील तर हातातलं आधी काढून घ्या. टकटक तर नकोच. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि माशांना तो धक्क्यासारखा जाणवतो.

पाण्यामुळे मासा जवळ आणि मोठा दिसतो. चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर असल्यासारखा भासतो. तिरकं बघितलं तर आकार चेपल्यासारखा होतो आणि कडांना रंगांच्या रेषा येतात. फोटो बिघडतो तो यामुळेच. काचेसमोर अगदी सरळ उभे राहा, मोबाइलची भिंग काचेला हलकेच टेकवा म्हणजे मागच्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. फ्लॅश बंद करा. तो काचेवरून उलटतो आणि माशांनाही त्रास देतो. मोबाइलचा रात्रीचा मोडही बंद ठेवा, कारण तो दीड-दोन सेकंद उजेड गोळा करतो आणि तेवढ्यात मासा पुढे सरकून नुसता पट्टा उमटतो. त्यापेक्षा व्हिडिओ काढा आणि त्यातली एक चौकट निवडा. पांढरा शर्ट घालून गेलात तर तोच काचेत चमकतो, म्हणून गडद कपडे बरे. ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक बॅगेतच राहू द्या.

बऱ्याच टाक्या दोनदा भेटतात, वरच्या मजल्यावर पाण्याची पातळी दिसते आणि खालच्या मजल्यावर तीच टाकी पाण्याच्या आतून. सागरी सिंह खडकावर झोपलेला बघून कंटाळलेलं पोर खाली त्यालाच बाणासारखं पोहताना बघून थक्क होतं. म्हणून वर फार रेंगाळू नका.

पुढे जपानचा खोल समुद्र लागतो. तिथे लांब पायांचा जपानी खेकडा आहे, पाय पसरले तर तीन मीटरच्या पुढे जाणारा. हा जवळजवळ हलत नाही, म्हणून लोक पटकन पुढे जातात आणि इथे नेहमी जागा असते. आजी-आजोबांना टेकायला ही वेळ चांगली. मग जेलीफिशचं अंधारं दालन. जेलीफिशच्या टाक्या बहुतेक गोलाकार असतात. जेलीफिशला स्वतःला सावरता येत नाही, चौकोनी टाकीत ती कोपऱ्यात अडकून फाटते. गोल टाकीत पाण्याचा प्रवाह तिला मंदपणे फिरवत ठेवतो.

शेवटी उथळ टाकीत पाकट आणि छोट्या मुश्यांना हात लावता येतो. रांग असेल तर थांबा, ही रांग वाया जात नाही. आधी हात धुवायचे, घड्याळ-अंगठी काढायची, बाह्या वर करायच्या, दोन बोटांनी पाठीवरून हलकेच फिरवायचं. शेपटी पकडायची नाही, उचलायचं नाही. पाकटाची पाठ बुळबुळीत लागते. तो चिकट थर त्याला जंतूंपासून जपतो, म्हणून घासायचं नाही. मुशीवर डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतो, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. तिच्या कातडीवर दातांसारखे बारीक खवले असतात. कोकणातल्या मुलांनी मुशी बाजारात बघितलेली असते, जिवंत मुशीला हात लावण्याची संधी ही तिथलीच. बाहेर पडताना हात पुन्हा धुवा.

अंधार, उतार आणि गर्दी यांत मूल हरवणं सहज घडतं. एक नियम आत शिरण्याआधीच पक्का करा: चुकामूक झाली तर मागे फिरायचं नाही, पुढच्या बाकावर थांबायचं. वाट एकाच दिशेची आहे, मागे फिरणारा माणूस गर्दीशी झगडत राहतो आणि दोघं एकमेकांना चुकतात. मुलाच्या खिशात हॉटेलचं जपानी अक्षरांतलं कार्ड आणि तुमचा फोन नंबर ठेवा. कर्मचाऱ्यांना ‘माइगो’ एवढा शब्द सांगितला तरी पुरतो, म्हणजे हरवलेलं मूल. तान्ह्या बाळासाठी बाबागाडीऐवजी अंगाला बांधायची झोळी आणा. शौचालय सरकत्या जिन्यावर चढण्याआधीच उरकून घ्या. पूर्ण फेरीला दोन तास धरा, गर्दीत तीन.

खाण्याचं शाकाहारी मंडळींनी आधीच बघावं. शेजारच्या तेम्पोझान मार्केटप्लेसमध्ये खाण्याची रेलचेल आहे, पण ताकोयाकी या पिठाच्या गोळ्यांत ऑक्टोपस असतो, आणि ओकोनोमियाकी या जाड धिरड्यात व नूडल्सच्या रश्शात वाळवलेल्या माशाचं पाणी बहुधा असतंच. वरून भुरभुरवलेले गुलाबी-तपकिरी काप हेसुद्धा मासाच. दशम्या, मेथीचे ठेपले, कोरडी चटणी आणि चिवडा घरून नेला असेल तर निश्चिंती. कचऱ्याचे डबे शोधून सापडत नाहीत, म्हणून एक रिकामी पिशवी बरोबर हवी.

डबा उघडायला शेजारचं तेम्पोझान उद्यान. तिथे तेम्पोझान नावाचा डोंगर आहे, उंची ४.५३ मीटर. १८३१ मध्ये अजी नदीचा गाळ उपसून त्याचा ढीग घातला, तोच हा. तीन तास अंधारात रांगेने चाललेल्या पोरांना पळायला मोकळी जागा लागते, ती इथे मिळते. मे महिन्याच्या सुरुवातीला ओसाकात पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. डबा संपवून मत्स्यालयाच्या पश्चिमेच्या बाजूला, समुद्राकाठच्या पायऱ्यांवर साडेसहापर्यंत पोचा.