चारित्र्य पडताळणी आणि कांद्याचा रास्ता रोको

निवडीचं पत्र आलं, पेढे वाटून झाले, पण नेमणूक अजून लांब होती. नोकरी संरक्षण खात्याच्या एका आस्थापनेतली, गोपनीय कागद हाताळायची. त्यामुळे आधी अटेस्टेशन फॉर्म, म्हणजे स्वतःची सगळी माहिती लिहून द्यायचा अर्ज, आणि त्यावरून पोलीस पडताळणी.

गेल्या ५ वर्षांत जिथे जिथे वर्षाहून जास्त राहिलात, तो प्रत्येक पत्ता त्यात लिहायचा. सगळा वेळ इथेच जातो. माझं गाव निफाड तालुक्यातलं, म्हणजे नाशिक ग्रामीण पोलीस. नाशिकच्या सिडकोतली खोली शहर पोलीस आयुक्तालयात. मधली नोकरी चिंचवडला, तिथलं आयुक्तालय आणखी वेगळं. चिंचवडचा अहवाल सगळ्यात उशिरा आला. घरमालक खोली विकून गेले होते, मला ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. शेवटी जुना भाडेकरार आणि मेसवाल्या मावशी कामाला आल्या.

खरी धाकधूक पुढच्या रकान्याची होती. कधी अटक, खटला, दंड? निर्दोष सुटला असलात तरी लिहा. कॉलेजात असताना लासलगावजवळ कांद्याच्या भावासाठी रास्ता रोको झाला, त्या गुन्ह्यात माझंही नाव होतं. पुढे सरकारने आंदोलनांचे खटले मागे घेतले, त्यात हाही निघाला. "मिटलेलं प्रकरण कशाला उकरतोस?" काका म्हणाले. वकिलांनी मात्र २०१६चा अवतार सिंग खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा निकाल पुढ्यात ठेवला. माहिती खरीच द्यायची. आणि खरी दिली तरी पूर्ववृत्त पाहून ठरवायचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडे राहतोच. म्हणजे लिहिलं तरी टांगती तलवार, लपवलं तर मान आधीच खाली. मी लिहिलं, आणि निफाड कोर्टातून आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल काढून जोडली.

गावी पोलिसांच्या गोपनीय विभागाचे हवालदार आले. चहा नको म्हणाले, ओट्यावरच बसले आणि शेजारच्या काकूंना विचारलं, "पोरगं कसंय?" काकू म्हणाल्या, "व्यसन नाही हो, पण रात्री फटफटी लई जोरात आणतो." ते त्यांनी लिहून घेतलं नसावं. रास्ता रोकोचं मात्र तारखेसकट विचारलं. त्यांच्याकडची नोंद आणि माझा फॉर्म जुळला.

रुजू होताना शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ वाचल्याची सही घेतली. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे. पुन्हा कधी पडताळणी निघाली, तर तेच पत्ते, त्याच तारखा लागतील.